काटा फुटेपर्यंत

धाकट्या जावेला मुलगा झाला तेव्हाच घरात ठरलं होतं, पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण थाटात करायचं. हलव्याचे दागिने विकत आणायचे की घरी करायचे, यावर मात्र एकमत होईना. हल्ली बाजारात काय, मोबाइलवर काय, मुकुट-बासरीपासून पैंजणापर्यंत अख्खा सेट डब्यात घालून मिळतो. दिसतोही देखणा. पण नात्यातल्या एका बोरन्हाणाला असा सेट आला होता, त्यातले निम्मे दाणे थर्माकोलचे आणि उरलेले गोंदाने चिकटवलेले निघाले. बाळ मनगटी तोंडात घालणारच. त्याला काय सांगणार, की बाबा रे, हा हलवा खोटा आहे? म्हणून मी म्हटलं, मी करते. बोलले आणि अडकले.

आमच्या घरात हलवा करता येणारी व्यक्ती एकच. माझ्या आत्येसासूबाई, ज्यांना सगळं घर माई म्हणतं. वय ऐंशीच्या पुढे, बोटं आता थरथरतात, नजरही कमी झालीय. जुन्या नाशकात वाड्यात राहायच्या तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक बाळाचे आणि नव्या नवरीचे दागिने माईंच्या हातचे असायचे. मी फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न आला, "थंडी पडली का?" म्हटलं, पडली आहे. "तुझ्या फ्लॅटमधली नको सांगूस. निफाडचा पारा किती उतरलाय ते पेपरात बघ आणि मग मला घेऊन जा."

डिसेंबर सरता सरता निफाडचा पारा माईंच्या पसंतीला उतरला आणि त्या बॅग घेऊन आमच्याकडे आल्या. बॅगेत साड्या कमी आणि परात मोठी.

सामान फारसं लागत नाही. साखर, पॉलिशचे पांढरे तीळ, साबुदाणा, खसखस, मगज बी, थोड्या लवंगा आणि चमचाभर दूध. कशाचा हलवा कुठे वापरायचा हे आधी ठरवावं लागतं. सरांना तिळाचा, टपोऱ्या मण्यांना साबुदाण्याचा, मुकुटावरच्या बारीक नक्षीला खसखशीचा. मगज बीचा हलवा पाकळीसारखा चपटा होतो, तो पदकात शोभतो. लवंगेचा दिसतो झकास, पण लहान मुलाच्या अंगावर नको, तिखट लागतं. तो मोठ्यांच्या वाटीत.

पाक करताना साखर बुडेल एवढंच पाणी घालायचं. उकळी आली की चमचाभर दूध सोडायचं, म्हणजे मळी फेसाबरोबर वर येते. ती झाऱ्याने काढायची आणि पाक ओल्या फडक्यातून गाळून घ्यायचा. हे केलं नाही तर हलवा पिवळट दिसतो. एकतारीच्या जरा अलीकडे गॅस बंद. पाक पुढे गेला तर परातीत नुसती पिठीसाखर होते, मागे राहिला तर आधी चढलेली साखर विरघळवून टाकतो. पाक पांढरा व्हावा म्हणून काही जण लिंबू पिळतात. माईंना ते अजिबात मंजूर नाही. लिंबाने साखरेचा दाणा धरायचा राहतो, आणि इथे तर सगळा खेळ दाणा धरण्याचाच आहे.

माई शेगडीवर हलवा करायच्या. कोळशांवर राखेचा थर आणि त्यावर परात. आमच्याकडे शेगडी कुठली? गॅस अगदी मंद ठेवला, त्यावर जाड तवा आणि तव्यावर परात. परात किती तापू द्यायची, तर तळहात टेकवून सावकाश दहा म्हणता आलं पाहिजे. त्यात हलके भाजलेले तीळ, दोन मुठींपेक्षा जास्त नाहीत. त्यावर अर्धा चमचा पाक. आणि मग बोटांच्या टोकांनी ते तीळ फिरवत राहायचं. पाक सुकेपर्यंत थांबायचं नाही. सुकला की पुन्हा अर्धा चमचा.

पहिल्या सकाळी दोन तास बसून काय मिळालं? मळकट पांढरे तीळ. काट्याचा पत्ता नाही. बोटांची टोकं लाल झालेली, पाठ आखडलेली. मुलगी शाळेत जाता जाता परातीत डोकावली आणि म्हणाली, "आई, हे तर आधीपण तीळच होते." माई मात्र खूश. त्यांनी खुर्ची परातीला लावून घेतली होती आणि डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, डुलकी लागली. तर म्हणाल्या, "आवाज ओला आहे अजून. फिरव."

मग मीही ऐकायला लागले. पाक ओला असतो तेव्हा तीळ परातीत दबक्या आवाजात सरकतात. सुकत आले की खुळखुळायला लागतात. खुळखुळ अगदी मोकळी झाली की पुढचा पाक. बघून हे कळत नाही, कारण ओला हलवा आणि सुका हलवा दिसायला सारखेच. ज्यांना दिसत नाही त्या माईच मला हे शिकवू शकल्या असत्या.

दुसऱ्या दिवसापासून चाळणी आली. फिरवताना थोडी साखर दाण्यावर न चढता भुकटी होऊन पडते. ती वेळोवेळी चाळून काढली नाही तर गोळ्या होतात आणि दाणे एकमेकांना चिकटतात. ती भुकटी फुकट जात नाही, चहात जाते. आमच्याकडे त्या आठवड्यात सगळ्यांनी तिळाच्या वासाचा चहा प्यायला.

आणि मग एका पहाटे, खिडकी उघडी टाकून, अंगावर शाल घेऊन बसले असताना बोटांना टोचायला लागलं. आधी वाटलं, भाजून भाजून कातडी हुळहुळी झालीय. दिव्याखाली मूठभर दाणे धरले. प्रत्येक तिळावर सुईच्या टोकाएवढे उंचवटे आले होते, काही एकेकटे, काही जोडीने. यापुढे काम भरभर सरकतं. एकदा उंचवटा आला की नवा पाक त्याच्यावरच चढत जातो आणि काटा लांब होतो. फक्त बोटं हलकी ठेवायची. दाबलं की काटा मोडला. भाचा ओसाकात नोकरीला आहे, त्याला फोटो पाठवला तर त्याने उलट तिकडच्या कोम्पेइतोचा फोटो धाडला. हुबेहूब काटेरी साखरगोळी! पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात जपानात नेलेल्या मिठाईची ही जपानी लेक. तिकडे ती फिरत्या तापल्या कढईत करतात आणि तरी आठवडा-दोन आठवडे लागतात. माईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "कढई फिरते? मग बायका काय करतात?"

मध्येच हवा ढगाळली. जानेवारीत नाशकात ढग आले की द्राक्षबागायतदारांची झोप उडते. हलव्यापायी मीही त्या वर्षी त्यांच्याबरोबर वर बघत होते. हवेत दमटपणा आला की साखर ओल धरते, दाणे चिकट होतात, काट्यांची टोकं बोथटतात. अशा वेळी हलवा करायचाच नाही. झालेला घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचा, मुंग्यांसाठी तो डबा पाण्याच्या ताटात ठेवायचा आणि हवा कोरडी होईपर्यंत पुठ्ठे कापत बसायचं. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे यासाठी उत्तम. जाड असतात, आणि सोनेरी कागद बऱ्याचदा त्यांनाच लावलेला असतो. आमच्या नातेवाइकांच्या तीन लग्नांचा मिळून एक मुकुट झाला.

आता बांधणी. हलवा सुईत ओवता येत नाही, दाणा फुटतो. दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरायचा आणि फास आवळायचा. काट्यांमुळे दोरा निसटत नाही. सांगायला सोपं. माझ्या हातून फास एक तर सैल राहायचा, नाही तर दाण्याचे दोन तुकडे व्हायचे. माईंच्या बोटांत ते बळ आता नाही, आणि तोंडी सांगून गाठ शिकता येत नाही.

आमच्या कोपऱ्यावर संध्याकाळी एक गजरेवाल्या मावशी बसतात. अबोलीचा गजरा घेताना सहज त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं, आणि मी तिथेच उभी राहिले. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, डाव्या हातात फुलं, उजव्या हाताचा एक वळसा, एक ओढ, झालं. हीच ती गाठ! दुसऱ्या दिवशी डबीत हलवा घेऊन गेले. त्यांनी एक दाणा उचलून बघितला, आधी खाल्ला, मग हसल्या. "फुलापेक्षा सोपं हाय ताई. फूल चुरगळतं, ह्ये उलट दोरा धरून ठिवतंय." गिऱ्हाइकं येत होती, त्यांना गजरे देत देत त्यांनी माझ्यासमोर वीतभर सर बांधला. मग दोरा माझ्या अंगठ्याला अडकवला. रस्त्याच्या कडेला चप्पल काढून बसलेली मला बघून सोसायटीतल्या दोघीतिघी थांबल्या, आणि त्यांच्यातली एक शेवटी माझ्या शेजारीच बसली.

ती आणि आणखी एक शेजारीण मग रोज दुपारी आमच्याकडे यायला लागल्या. मनगट्या, बाजूबंद, कंबरेची साखळी, गळ्यातला हार अशी कामं वाटून घेतली. मुकुटावर खसखशीचा हलवा चिकटवायला मैद्याची घट्ट खळ केली. खळ पुठ्ठ्याला पातळ लावायची आणि वर हलवा भुरभुरायचा, म्हणजे दाणा विरघळत नाही. बासरी मी वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळीवर सर गुंडाळून केली. मोरपीस तेवढं खरं लावलं.

दागिने आकाराला आले तशी विचारणाही सुरू झाली. "आमच्या सुनेसाठी देशील का करून? काय घेशील?" जे हा व्यवसाय म्हणून करतात त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. कितीतरी बायकांचे संसार या ऑर्डरींवर उभे आहेत, आणि मी स्वतः परातीशी बसल्यावर त्यांचे दर मला महाग वाटेनासे झाले. साखर स्वस्त आहे, पण दोन मुठी तिळांमागे जाणाऱ्या पहाटा कुठल्या भावाने लावायच्या? मी माईंना विचारलं, तुम्ही काय घ्यायचात? म्हणाल्या, "साखर. ज्याच्याकडचं बाळ, त्याने साखर आणून द्यायची. जास्त आणली तर पुढच्याला." वाड्यात एकाच्या साखरेचा हलवा दुसऱ्याच्या बाळाच्या अंगावर आणि तिसऱ्याच्या पोरांच्या पोटात जायचा. हिशोब कोणी ठेवला नाही. हळदीकुंकवाला ज्यांना बोलावत नसत, त्या बायकांच्या घरी माई स्वतः वाटी घेऊन जायच्या. सासूने एकदा टोकलं, तेव्हा म्हणाल्या होत्या, "हलव्याला सवाष्ण लागत नाही." ही गोष्ट मला माईंनी सांगितली नाही. सासूबाईंनी सांगितली, माई आत झोपल्या असताना.

तेव्हा मीही साखरेचाच दर लावला. दोन किलो एका घरून आली, एक किलो दुसऱ्या घरून. त्यातून आणखी एक लहान सेट झाला. तो गजरेवाल्या मावशींच्या नातीला दिला. मावशींनी तो नीट उलटापालटा करून बघितला आणि दोन सर सोडून पुन्हा बांधले. माझी गाठ त्यांना पटली नव्हती.

बोरन्हाण किंक्रांत टळल्यावर रविवारी केलं. पाटावर काळ्या झबल्यात पुतण्या बसला, काळ्यावर पांढरा हलवा उठून दिसत होता. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या ओतल्या आणि वेचायला पोरांची झुंबड उडाली. फोटो काढेपर्यंत मुकुट टिकला. बासरी त्याने पहिल्या मिनिटातच तोंडात घातली, वाजवायला नव्हे. एका मोठ्या मुलीने मागून त्याच्या हाराचे मणी एकेक करून खायला सुरुवात केली, आणि जाऊबाई ओरडायला गेल्या तर माईच म्हणाल्या, "खाऊ दे गं, मग कशासाठी केलाय?"

उरलेला हलवा रथसप्तमीपर्यंत येईल-जाईल त्याच्या हातावर पडत राहिला. काटा मोडलेला वेगळ्या बरणीत काढला, तो मुलीने डब्यातून नेऊन वर्गात संपवला. माई परात आमच्याकडेच ठेवून गेल्या.

फेब्रुवारीत गजरा घ्यायला थांबले तर मावशी म्हणाल्या, पुतणीचं लग्न मे महिन्यात आहे, म्हणजे पुढची संक्रांत तिची पहिली. मंगळसूत्र, तन्मणी, बिंदी, नथ, सगळंच लागेल. "काळ्या मण्यात हलव्याची वाटी बसंल का वो ताई?" मी म्हटलं, पाक-परात माझी, पण बांधायला तुम्ही यायचं. त्या म्हणाल्या, "साखर किती आणू?"