तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाच्या फोटोंना ५० घेऊ की ८५?

महिन्यातनं चार-पाच वेळा तरी हा मेसेज येतो. शब्द थोडे इकडेतिकडे पण प्रश्न तोच, "ताई, तान्ह्या बाळाचे आणि फॅमिलीचे फोटो काढायचेत, एकच प्राइम घेणं जमणारे, तर ५० घेऊ की ८५?" (प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स. ५०, ८५ हे तिचे एमएम, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं आणि फ्रेममध्ये कमी मावतं.) आणि मी उलट विचारते, खोली किती लांब आहे? यावर बऱ्याच जणांना वाटतं मी टाळतेय किंवा थट्टा करतेय. नाही हो, खरंच विचारतेय.

माझी स्वतःची पहिली प्राइम ८५ एमएम, एफ/१.८ (एफ म्हणजे अॅपर्चर, लेन्सचं भोक. आकडा लहान तितकं भोक मोठं, उजेड जास्त आणि मागचं जास्त धूसर). का घेतली, तर लोकांचे फोटो बघितलेले, मागचं सगळं विरघळून गेलेलं, आणि डोक्यात पक्कं बसलं की पोर्ट्रेट म्हणजे ८५. त्यात माझा कॅमेरा तेव्हा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेम म्हणतात त्या मोठ्या सेन्सरपेक्षा लहान), म्हणजे ती ८५ माझ्याकडे येऊन साधारण १३० सारखी वागायला लागली (१.५ ने गुणायचं, कॅननवाल्यांनी १.६ ने). पहिलं शूट मैत्रिणीच्या बाळाचं, जेमतेम दहा दिवसांचं पिल्लू. बाळ पलंगावर आणि मी भिंतीला पाठ चिकटवून उभी, तरी फ्रेममध्ये नुसतं बाळच. आईबाबांना पण घेऊया म्हटलं तर मी दाराबाहेर पॅसेजमध्ये, आणि फोटोत दाराची चौकट. बरं, मग म्हटलं निदान पायाची बोटं तरी जवळून घेऊ, तर लेन्स फोकसच घेईना, नुसती पुढेमागे घरघरतेय, कारण तिला समोरच्या वस्तूपासून किमान ८० सेंटिमीटर लांब राहावं लागतं हे मी वाचलंच नव्हतं. म्हणजे मागे सरकायला जागा नाही आणि पुढे जायची मुभा नाही, अशी मी मध्येच अडकलेली आणि बाळ मात्र शांत झोपलेलं.

म्हणून खोली.

हिशोब अगदी सोपा आहे. फुल फ्रेम सेन्सरची लांब बाजू ३६ मिलिमीटर असते. तुम्हाला फ्रेममध्ये दोन मीटर मावायला हवेत असं धरा, म्हणजे सोफ्यावर बसलेले चौघं, किंवा कॅमेरा उभा धरून बाळ कडेवर घेतलेली आई डोक्यापासून पायापर्यंत. त्यासाठी ३५ एमएमने दोन मीटर लांब उभं राहावं लागतं, ५० ने पावणेतीन मीटर आणि ८५ ने पावणेपाच. त्यात तुमच्या स्वतःच्या पाठीला अर्धा मीटर द्या, आणि ती माणसं भिंतीला चिकटलेली दिसू नयेत म्हणून त्यांच्यामागे एखादा मीटर सोडा. आता ८५ चा आकडा सव्वासहा मीटरच्या घरात गेला. एवढी मोकळी खोली, मध्ये टेबल नाही कपाट नाही, कुणाकडे असते? क्रॉप सेन्सर असेल तर, पाठीची आणि मागची जागा न धरताच, ५० ला सव्वाचार मीटर लागतात आणि ३५ ला तीन. म्हणजे क्रॉपवरची ३५ तीच जी फुल फ्रेमवरची ५०, साधारण.

तर माझं उत्तर, कुणाला पटो न पटो: घरात शूट करणार असाल आणि क्रॉप बॉडी, म्हणजे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, असेल तर ३५ घ्या. फुल फ्रेम असेल आणि जास्त करून एकट्या बाळाचेच फोटो असतील तर ५०. फुल फ्रेम आणि सगळी फॅमिली एकत्र, खोली लहान, तर परत ३५. ८५ दुसरी लेन्स म्हणून उत्तम आहे. पहिली म्हणून नाही.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की ३५ ने चेहरा बिघडतो, नाक मोठं दिसतं. अर्धं खरं आहे. नाक लेन्समुळे मोठं होत नाही, तुम्ही किती जवळ गेलात त्यामुळे होतं, फक्त ३५ लावली की फ्रेम भरायला माणूस आपसूक जवळ जातो आणि मग कपाळ फुगतं, कान मागे पळतात. बाळाचं डोकं मुळातच अंगाच्या मानाने मोठं, त्यात हे. मग जवळ जाऊच नका ना, मीटरभर लांब थांबा आणि नंतर फोटोच्या कडा कापा, २४ मेगापिक्सेलमध्ये तेवढं सहज निभतं.

दुसरी गोष्ट बाळापर्यंत हात पोचण्याची, आणि ही मला मागच्या ब्लरपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाची वाटते. इतकं लहान बाळ झोपेत दचकतं, हात फेकतं, एका बाजूला कलंडतं. त्याच्या अगदी शेजारी कुणीतरी मोठं माणूस पाहिजे, बहुतेक वेळा आईच, आणि मलाही वाटलं तर एका पावलात पोचता आलं पाहिजे. ३५ किंवा ५० ने मी तेवढ्या अंतरावर असते, ८५ ने नसते. वरून खाली फोटो काढायचा असेल तर वजनही बघा, साध्या ५० एफ/१.८ लेन्सेस बहुतेक २०० ग्रॅमच्या आतल्या आणि एफ/१.४ वाली ८५ म्हणजे सहज अर्ध्या किलोच्या वर, आणि ते सगळं बाळाच्या डोक्यावर धरायचं. पट्टा गळ्यात पाहिजेच. लेन्सची कॅप, सैल हुड, खिशातला मोबाइल, सगळं आधी बाजूला ठेवून यायचं. (आणि हनुवटीखाली हात घेऊन बसलेल्या बाळाचे फोटो बघून तसं करायला जाऊ नका हं. ते दोन फोटो जोडून बनवतात, दोन्हीत कुणीतरी बाळाला धरलेलं असतं आणि धरणाऱ्याचे हात नंतर पुसतात. बाळ त्या पोझमध्ये सोडून द्यायचंच नाही.)

एफ/१.४ घेऊ का, हाही प्रश्न जोडीने येतोच. नका घेऊ. निदान यासाठी तरी नको. १.४ आणि १.८ मध्ये दोन तृतीयांश स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), बाकी वजन आणि खर्च. आणि ते अ‍ॅपर्चर तुम्ही वापरणार कुठे? फुल फ्रेमवर ५० लावून अर्ध्या मीटरवरून एफ/१.८ ला फोटो काढलात तर शार्प भाग जेमतेम एक सेंटिमीटर असतो. पापणी शार्प, नाकाचा शेंडा गेला, पलीकडचा डोळा पण गेला. मी सुरुवातीला सगळं वाइड ओपन, म्हणजे लेन्स पूर्ण उघडून, काढायचे, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर फार भारी दिसायचं, घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडलं की रडू. आता झोपलेल्या बाळाला एफ/२.८ ते ४. चौघांच्या ग्रुपला एफ/४ च्या खाली जातच नाही, कारण पावणेतीन मीटरवरून ५० ने एफ/१.८ ला मिळतात फक्त ३० सेंटिमीटर आणि मागे उभा असलेला बाबा नेमका त्याच्या बाहेर असतो. एफ/४ ला ७० मिळतात, त्यात सगळे बसतात. तरी चेहरे शक्यतो एका रेषेत आणायचे.

मग प्राइमच कशाला, असं विचाराल. उजेडासाठी. खिडकीचा उजेड आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप कमी असतो आणि किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी झूम) ५५ एमएमला एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही. जो फोटो एफ/२ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० वर निघतो त्यालाच एफ/५.६ वर ६४०० लागतो, आणि बाळाची त्वचा, ती आधीच लालसर, कुठे सोललेली, कधी कावीळीची पिवळट झाक, त्यात नॉइज, म्हणजे रवाळ ठिपके, आला की रंग सावरता सावरत नाहीत. थोरलं भावंड फ्रेममध्ये असेल तर शटर पण १/२५० सेकंदाच्या खाली नेऊन चालत नाही, ते कुठलं एका जागी बसतंय.

बोटं, कानाची पाळी, पापण्या यासाठी लेन्स विकत घेण्याआधी तिचं सगळ्यात जवळचं फोकस अंतर बघाच. बऱ्याच ५० एमएम ३५ ते ४५ सेंटिमीटरपर्यंत जातात, तेवढ्यात अख्खा तळपाय नीट येतो, एकटं बोट नाही येत. कॅननची आरएफ ३५ एमएम एफ/१.८ मॅक्रो १७ सेंटिमीटरपर्यंत जाते, म्हणून आरएफ बॉडीवाल्यांना (कॅननचे मिररलेस कॅमेरे) मी डोळे झाकून तीच सांगते. नाहीतर एक्स्टेन्शन ट्यूब, कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायची नुसती पोकळ नळी असते, काच नाही काही नाही, काम होतं.

जुनी लेन्स घेत असाल तर निकॉनवाल्यांनी जरा सांभाळून. एएफ-डी या जुन्या प्रकारच्या लेन्सना फोकसची मोटर बॉडीत लागते आणि डी३५००, डी५६०० असल्या बॉडीत ती नाहीचे, मग झोपलेल्या बाळावर हाताने फोकस करत बसा. मोटरचा आवाज पण ऐकून घ्या, काही जुन्या लेन्सेस अशा करकरतात की शांत खोलीत बाळ दचकेल. आणि मिटलेल्या डोळ्यांवर आय फोकसचा (कॅमेरा आपोआप डोळा शोधतो तो) भरवसा धरू नका, सिंगल पॉइंट, म्हणजे फोकसचा एकच ठिपका, घ्या आणि जवळच्या पापणीवर ठेवा.

एवढं वाचूनही ठरत नसेल तर आहे ती किट लेन्स ३५ वर लावा, चिकटपट्टी मारून रिंग बंद करा आणि एक अख्खा दिवस घरातल्या माणसांचे फोटो काढा. दुसऱ्या दिवशी ५० वर. कुठल्या दिवशी पाठ भिंतीला जास्त वेळा लागली ते कळेलच. मी हे आधी केलं असतं तर पॅसेजमध्ये उभी राहिले नसते.

८५ मात्र विकली नाही मी. ते दहा दिवसांचं पिल्लू आता चार वर्षांचं आहे, मैदानात पळत असतं, आणि मी लांब उभी राहून १/५०० ला काढत असते, त्याला पत्ताही नसतो. परवा मात्र पत्ता लागला. सरळ माझ्याकडे धावत आला, लेन्समध्ये काय दिसतं बघायला, आणि ८० सेंटिमीटरच्या आत शिरला. ती परत घरघरली. शेवटच्या फोटोत नुसतं एक भलंमोठं धूसर नाक आहे, आणि त्याच्या आईने तोच फ्रेम करायला मागितलाय.