डाव्या तळहातावरची भाकर

रविवार, रात्री साडेनऊ

प्लास्टर काढल्याला आज बारा दिवस झाले आणि उजव्या हाताने लिहिलेली ही पहिली नोंद आहे. अक्षर अजून थरथरते, ओळ खाली उतरत जाते आणि अर्धे पान झाले की मनगट ठणकू लागते. तरीही सहा आठवडे जे मनात साठत गेले, ते आता कागदावर आले नाही तर रोजच्या धावपळीत विरून जाईल, म्हणून बसले आहे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्रीपासून संततधार लागलेली असताना, मी स्टेशनचा पूल उतरत होते. शेवटच्या चार पायऱ्या राहिल्या असताना पाय घसरला आणि तोल सावरण्यासाठी टेकलेल्या उजव्या हातावर सारा भार आला. सकाळची कामावर जाण्याची वेळ होती आणि माणसे दोन्ही बाजूंनी उतरत होती. त्यांना मी दोष देत नाही, कारण त्या जिन्यावर थांबायला जागाच नसते आणि एकेका लोकलवर कोणाचा तरी पगार अवलंबून असतो. तेवढ्यात पाठीला सॅक लावलेली तिशीतली एक बाई माझ्या शेजारी त्या ओल्या पायरीवर खाली बसली. तिने आपली ओढणी सोडून तिची झोळी केली, माझा हात तीत अलगद ठेवून गळ्यात गाठ मारली, टॅक्सी थांबवली, माझ्यासोबत दवाखान्यात आली आणि भाचा येईपर्यंत बाकावर बसून राहिली. मी दोनदा नाव विचारले. "आधी हात सांभाळा, मावशी," एवढेच ती म्हणाली. भाच्याशी बोलण्यासाठी मी वळले, तेवढ्यात ती निघून गेली होती. टॅक्सीचे पैसे तिने दिले होते आणि बहुधा त्या दिवशी तिचा कामावर खाडाही झाला असावा. ओढणी माझ्याकडेच राहिली. फिकट पोपटी रंगाची, काठाला बारीक पांढरी लेस असलेली ती ओढणी धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवली आहे, आणि ती कोणाला परत करावी हे मला माहीत नाही.

मी 34 वर्षे शाळेत शिकवले आणि त्याहून अधिक काळ आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळात काम केले. कोणी आजारी पडले की त्यांच्या घरी डबा पोचवणे, बाळंतिणीला भेटणे, कोणाच्या मुलाची फी भरायची राहिली असेल तर चार जणींकडून गोळा करणे, हे सर्व मी मनापासून करत आले. ते ढोंग नव्हते, हे आजही देवासमोर सांगू शकेन. परंतु घेण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, किंवा आली तेव्हा मी ती टाळली होती. मिंधे होऊ नये, कोणाचे उपकार अंगावर ठेवू नयेत, हेच आमच्या घरातले वळण. प्लास्टर घातल्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी वहीच्या मागच्या पानावर, डाव्या हाताने, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत यादी सुरू केली: कोणी काय दिले, किती दिवस, त्याची फेड कशी करायची. पहिलीच ओळ अडली. नावाच्या रकान्यात काही लिहिता येईना, आणि रकमेच्या रकान्यातही नाही.

त्या रिकाम्या ओळीकडे पाहताना मला रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण झाली. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटला, दोघांचे मोकळेपणाने बोलणे झाले, आणि उतरताना त्याने बायबलमधल्या नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली. तो गृहस्थ कोण होता, हे टिळकांना पुढे कधीही कळले नाही. 1895 साली याच मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि आम्ही मराठी ख्रिस्ती लोक आजही उपासनेत ज्या भजनांनी गहिवरतो त्यांतली कितीतरी त्यांनीच दिली. ज्याने पुस्तक दिले त्याला यांपैकी काही कळले असेल का, हा प्रश्न पूर्वी मला पडत असे. आता दुसरा पडतो. टिळकांनी ती प्रत घेतली. त्या काळच्या एका विद्वान ब्राह्मण कवीने, परक्या धर्माच्या अनोळखी माणसाच्या हातून, परतफेडीची काही सोय नसताना ती घेतली. त्या घेण्याविषयी मी इतकी वर्षे कधी विचारच केला नव्हता.

समोरच्या वहिनी रोज सकाळी सात वाजता माझी वेणी घालायला येऊ लागल्या, त्याविषयी लिहिणे मला अजून जड जाते. एका हाताने केस विंचरता येतात, बांधता येत नाहीत. पहिले तीन दिवस मी केस तसेच पदराखाली झाकून ठेवले. चौथ्या दिवशी वहिनी तेलाची वाटी आणि फणी घेऊनच आल्या. मी म्हणाले, "अहो, राहू द्या, भाच्याची बायको येणार आहे." ती येणार नव्हती, आणि वहिनींना ते ठाऊक होते. त्या माझ्या मागे पाटावर बसल्या, वाटीत बोटे बुडवली आणि म्हणाल्या, "बाई, मान सरळ ठेवा." माझे केस विरळ झाले आहेत, टाळू दिसते, वास येत असेल, हे सर्व मनात येऊन मी अक्षरशः आखडून बसले होते. त्यांची बोटे अगदी सावकाश चालत होती. गुंता आला की त्या मुळाशी केस घट्ट धरत आणि मग खालून सोडवत, म्हणजे ओढ बसू नये. माझ्या आईनंतर माझ्या डोक्याला कोणाचा असा हात लागला नव्हता. त्या गेल्यावर मी बराच वेळ रडले.

त्याच दिवशी दुपारी मी योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढला. शिष्यांचे पाय धुणाऱ्या येशूविषयी मी शब्बाथ शाळेत कितीदा शिकवले आहे, आणि दर वेळी मुलांना हेच सांगितले आहे की आपणही एकमेकांचे पाय धुवावेत. त्यांतल्या पेत्र नावाच्या शिष्याचा नकार मात्र मी घाईने ओलांडत असे. आपले पाय प्रभूने कधीही धुवू नयेत असे पेत्र म्हणतो, आणि त्याला वाटते की तो नम्रता दाखवत आहे. येशू त्याला सांगतो की मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. हे वाक्य किती कठोर आहे हे मला त्या दुपारी प्रथमच जाणवले. सेवा न करणाऱ्याला नव्हे, सेवा करून न घेणाऱ्याला ते उद्देशून आहे. मग पेत्र एकदम विरघळतो आणि म्हणतो की पायच नव्हे, हात आणि डोकेही धू. हात आणि डोके! मी प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिले आणि तेल लावलेल्या वेणीवरून डावा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या तेव्हा मी स्वतःच पाट मांडून ठेवला होता.

शेजारच्या आपा मूळच्या कोकणातल्या, रायगडकडच्या. आमच्या मजल्यावर त्या आल्याला वीस वर्षे झाली. पहिल्या आठवड्यात त्यांच्या घरून तांदळाची भाकरी आणि मसुराची आमटी आली. डबा परत घ्यायला आलेल्या त्यांच्या मुलीने पाहिले की आमटी संपली आहे आणि भाकरी तशीच आहे. मी काही बोलले नव्हते. एका हाताने, तेही डाव्या, भाकरीचा तुकडा मोडता येत नाही हे सांगायला मला संकोच वाटला होता. दुसऱ्या दिवशीपासून डब्यात भाकरीचे तुकडे येऊ लागले, एकेका घासाचे, सगळे जवळजवळ सारख्या आकाराचे, वर तुपाचा हात फिरवलेले, आणि डब्याच्या कडेला चमचा खोचलेला. सकाळच्या घाईत, घरच्या पाच माणसांचे करून, ती गरम भाकरी कोणीतरी बसून मोडत होते. हे मी यादीत कसे लिहिणार होते? भाकरी लिहिता येते. मोडलेली भाकरी कोणत्या भावाने मांडायची?

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होते, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून उपासनेत भाकर मोडून देण्याचा विधी. भाच्याने आधार देऊन मला पुढे नेले. वेदीपाशी रांगेत गुडघे टेकल्यावर माझ्या ध्यानात आले की उजवा हात गळ्यात अडकवलेला आहे. आपल्याकडे पवित्र वस्तू डाव्या हाताने घेत नाहीत. कोणी लहान मुलाने खाऊसाठी डावा हात पुढे केला तर मीच त्याला रागावत असे. पाळकसाहेब माझ्यापाशी आले आणि थांबले. मी हात पुढे करीना. त्यांनी घाई केली नाही, काही सुचवलेही नाही, भाकर बोटांत धरून फक्त उभे राहिले. मागे पुष्कळ लोक होते आणि पेटीवर तीच ओळ पुन्हा वाजत होती. अखेर मी डावा तळहात उघडला, आणि तो मोडलेला तुकडा त्यांनी त्यावर ठेवला. तुझा उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, असे जे वचन आहे, ते मी नेहमी दान देण्याविषयी ऐकले आहे. माझ्या डाव्या हाताला त्या दिवसापर्यंत खरोखरच काही कळले नव्हते. साठ वर्षे मी प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागत आले, आणि ती आली तेव्हा मात्र कोणत्या हातावर घ्यावी याचा विचार करत राहिले.

पंडिता रमाबाईंविषयी मला या दिवसांत वारंवार वाटत राहिले. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले, विधवांसाठी जिवाचे रान केले, आणि तरीही त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की तारण, म्हणजे पापातून सुटका, हे निव्वळ देणगी म्हणून घ्यायचे असते हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगले. रमाबाईंसारख्या स्त्रीला आठ वर्षे लागली, हे वाचून मला धीर येतो. त्यांनी पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सबंध पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. आपण ज्याला कृपा म्हणतो त्यासाठी ग्रीकमध्ये खारिस असा शब्द आहे, आणि त्याच शब्दाचा अर्थ आभार असाही होतो. मराठीत हे दोन शब्द दूर राहतात. आपण आभार मानतो आणि लगेच फेडीच्या मागे लागतो, आणि मला वाटते आमच्यासारख्या जुन्या विश्वासी घरांत हे अधिकच होते, कारण आम्ही सेवेला इतके महत्त्व दिले की घेणाऱ्याची जागा आम्हाला कमीपणाची वाटू लागली.

आज उपासनेनंतर घरी आले आणि आपांचा दोन खणी स्टीलचा डबा ओट्यावर दिसला. गुरुवारपासून राहिलेला होता. डबा कधी रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही आईची शिकवण मला प्रिय आहे आणि ती मी चुकीची मानत नाही. त्या साखरेत माया असते. परंतु गेले तीन दिवस मी त्या डब्यात काय भरावे याचा विचार करत होते तो मायेने नव्हता. बेकरीतून नानकटाई आणावी की काजूकतली, किती आणली म्हणजे सहा आठवडे भरून निघतील, असे मी मोजत होते. भाच्याला पैसेही काढून दिले होते. ते मी परत घेतले.

डबा धुतला, पुसला, खण एकमेकांवर बसवले आणि उजव्या हातात धरून पाहिला. मनगटाने तेवढे वजन सोसले. मग बाहेर जाऊन आपांचे दार वाजवले. त्यांनी डबा घेतला तेव्हाच तो हलका आहे हे त्यांना कळले असणार. माझे तोंड कोरडे पडले होते. "आपा, रिकामाच आणलाय," मी म्हणाले.

"बरं झालं आणलात," त्या म्हणाल्या, "सकाळी लागणारच होता. मसूर भिजत घातलेत. आता भाकरी मोडू की अख्खी देऊ?"

"उद्या मोडूनच द्या," मी म्हणाले.