पहिली गाडी कोणी पाहिली?

माझा भाचा सातवीत आहे. 'माझे शहर' या निबंधात त्याने लिहिलंय, "भारतातली पहिली रेल्वेगाडी ठाण्याला आली तेव्हा माझ्या आजोबांनी ती पाहिली होती." बाईंनी समासात लाल शाईने 'छान' लिहिलंय. गाडी आली १६ एप्रिल १८५३ला. त्याचे आजोबा, म्हणजे माझे बाबा, जन्मले १९३९ साली.

भावाने कौतुकाने त्या पानाचा फोटो पाठवला. मी बँकेत चौतीस वर्षं काढली आहेत. ताळा जुळेपर्यंत मला झोप लागत नाही.

आम्ही चेंदणी कोळीवाड्यातले. ठाणे स्टेशनातून हाकेच्या अंतरावर आमचं जुनं घर होतं. गाडी आली की फळीवरची भांडी वाजायची आणि पाहुणे दचकायचे. आमच्या घरातली गोष्ट अशी : बोरीबंदरहून तीन इंजिनं लावलेली, चौदा डब्यांची, चारशे माणसांची गाडी आली. धूर आणि शिट्टी ऐकून आमचा पूर्वज जो पळाला तो थेट होडीत. होडी खाडीच्या मध्यावर नेली आणि दिवेलागणीपर्यंत परत आलाच नाही. तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे माणसं हे सगळं पुस्तकात सापडतं. होडी फक्त आमच्या घरात.

आजा ही गोष्ट सांगायचा तेव्हा पळणारा माणूस त्याचा आजोबा असायचा. बाबा सांगतात तेव्हा तो बाबांचा आजोबा असतो. आणि आता भाच्याचा. म्हणजे गाडी आपली १८५३लाच उभी आहे, पळणारा माणूस मात्र दर पिढीला एकेक जिना उतरून खाली येतोय. आणखी तीस वर्षांनी तो माझा भाऊच असेल, आणि भावाला होडी वल्हवता येत नाही. तो घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहतो.

मग मी कागद घेऊन बसले. आजा १९०८चा, हे पक्कं, कारण तो माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात होता आणि नोकरीच्या कागदांवर तारीख आहे. (ज्या गाडीला पाहून पूर्वज पळाला तिचेच डबे नातवाच्या नातवाने दुरुस्त केले असं लिहायचा मोह होतोय, पण आजा त्याचा नातवाचा नातू नव्हे, नुसता नातू.) आजा झाला तेव्हा पणजा तिशीत होता म्हणतात, म्हणजे १८७८च्या आसपासचा. त्याचा बाप साधारण १८५०चा. म्हणजे गाडी आली तेव्हा आमचा तो शूर वीर तीन वर्षांचा होता. तीन वर्षांचं पोर होडी वल्हवत खाडीच्या मध्यावर जात नाही.

बयला, माझ्या आजीला, ही गोष्ट कधीच पटली नव्हती. आजा रंगात आला की ती चुलीपाशी पुटपुटायची, "बाप्ये सगले खारीत. गारी बगली ती बायकांनी." बय खाडीपलीकडची, दिवा गावची. नवऱ्याच्या गावाबद्दल बोलायचा आपल्याला काय अधिकार, असं ती मानायची; म्हणून पुटपुटणं. मला मनातून फार वाटत होतं की बयच खरी ठरावी.

पुरुष तेव्हा खरंच खाडीत होते का, हे पाहायला बयनेच शिकवलेला हिशेब वापरला. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती पुरी होते. मोबाइलवर जुन्या तारखांचा चंद्र पाहता येतो. त्या शनिवारी पाडवा होऊन आठवडा झाला होता, चंद्र अर्धा. अष्टमी-नवमी धरा. म्हणजे भरती सहा ते पावणेसातला. गाडी बोरीबंदरहून साडेतीननंतर सुटली, ठाण्यात पोचेपर्यंत साडेचार-पाच. पाणी चढत होतं.

पण अष्टमी-नवमी म्हणजे भांग, कमी भरती-ओहोटीचे दिवस. पाण्याला ओढ नाही, जाळ्यात फारसं काही येत नाही. भांगाच्या दिवसांत आमचे पुरुष बंदरावर बसून जाळी सांधायचे, हे मी स्वतः लहानपणी पाहिलंय. तेव्हा बाप्ये सगळे खाडीत होते हे बयचं म्हणणं काही टिकत नाही. मला वाईट वाटलं. पण बेरीज ती बेरीज.

पुढचं थोडक्यात. वर्षभरानंतर, १ मे १८५४ला, गाडी खाडी ओलांडून कल्याणला गेली. आजा रेल्वेत, बाबा वागळे इस्टेटीत, मी बँकेत. होडी बाबांच्या धाकट्या काकांकडे राहिली. ते म्हणायचे, पलीकडे बेलापूर पट्टीत कारखाने आले आणि बोय माशाला रॉकेलचा वास यायला लागला. बाजारात बायका मासा हुंगून परत ठेवायच्या. कोळणीच्या पाटीतला मासा हुंगून परत ठेवणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी पाटी होती त्यालाच कळेल. होडी विकली तेव्हा मी तिसरीत होते. आता मी ऐरोलीला राहते. त्याच खाडीत फ्लेमिंगोंचं अभयारण्य झालंय, २०२२पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे. लोक तिकीट काढून होडीत बसतात.

भाऊ मागे नाशिकला गेला होता तेव्हा पंचवटीत उपाध्यांच्या वहीत आमचं घराणं निघालं. चार पिढ्यांची नावं, वळणदार अक्षरात. मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा. त्या तीन वर्षांच्या पोराचंही नाव आहे. बाई एकही नाही.

रविवारी बाबांकडे गेले. शहाऐंशी वर्षांचे आहेत, कानाला कमी ऐकू येतं, पण आकडे अजून पक्के. कागद पुढे ठेवून मोठ्याने सगळं सांगितलं: १९०८, १८७८, १८५०, तीन वर्षं. मला वाटलं चिडतील. चष्मा वर करून त्यांनी वजाबाकी पुन्हा केली.

"बरोबर आहे," म्हणाले. मग म्हणाले, "तीन वर्षांचं पोर एकटं कशाला जाईल गाडी बघायला? कडेवर असणार. कोणाच्या कडेवर होता?"

"त्याच्या आईच्या, बाबा."

"तिचं नाव काय?"

मी वहीचा फोटो परत उघडला, मोठा करून पाहिला.

"बयला विचार," बाबा म्हणाले. बयला जाऊन तीस वर्षं झाली. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनाच आठवलं, आणि त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.