पार

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा ई-३९ महामार्ग ओपेदालला येतो आणि सरळ पाण्यात संपतो. पुढचा रस्ता समोर, लाविकला. मध्ये सोग्नेफियॉर्ड, म्हणजे हिमनदीनं डोंगर कोरून केलेली समुद्राची खाडी. गाडी रांगेत लावून धक्क्यावर उभा राहिलो आणि पाच मिनिटांत बोटं पार गारठली.

आपण फियॉर्ड लिहितो. तिथली माणसं शेवटचा ड गिळून 'फ्यूर' म्हणतात. कॅलेंडरवर तो नेहमी लांबीनं दिसतो: दोन्हीकडे कडे, मध्ये निळं पाणी. सोग्नेची लांबी २०० किलोमीटरच्या वर आणि खोली १,३०० मीटर, तेव्हा फोटोग्राफरचंही चुकत नाही. पण तिथे राहणाऱ्याला तो आडवाच येतो.

शब्दही आडवाच आहे. मुळाशी अर्थ 'पलीकडे जाणे'. कडे, हिमनदी, खोली, कशाचाच त्यात पत्ता नाही. डोंगर असे उभे, की समोरच्या गावाला जायचं तर होडीच काढायची. नाव पडलं ते त्या खेपेवरून.

ज्या प्राचीन धातूतून हा शब्द आला, त्यातूनच संस्कृतचा 'पार' आला. आपला प तिकडे फ होतो: पाच म्हणजे फेम, पाय म्हणजे फूत. त्यांची बोट 'फेर्ये', तीही याच घराण्यातली. दाभोळ-धोपावेची फेरीबोट इंग्रजीमार्गे त्यांच्यातलीच. 'बाजारात एक फेरी मारून ये' यातली फेरी मात्र वेगळी, फिरण्यातली. नावापुरत्या सारख्या, सोयरसुतक काही नाही.

आणि 'पार' आपण कुठे कुठे नेला! बाण आरपार जातो, लग्नकार्य पार पडतं, भाजी पार करपते. म्हणजे करपलेली भाजीसुद्धा बिचारी कुठल्यातरी पैलतीराला लागलेलीच असते.

बोट आली. २०१५ साली बॅटरीवरची पहिली मोटारवाहू फेरी जगात सुरू झाली ती याच मार्गावर, त्यामुळे धडधड अशी नाहीच. पश्चिम नॉर्वेत फेरीवर स्वेले खायची रीत आहे: जाडसर घावन म्हणा, लोणी-साखर लावून अर्धा दुमडलेला. बोटांना लागलेलं लोणी पुसतोय तोवर लाविक आलं. सगळा प्रवास वीस मिनिटांचा.

आईला निरोप धाडला, 'पार झालो.'

लगेच उत्तर आलं, 'पार काय झालास?'