नळाच्या पाण्याचा रिपोर्ट: मागायचा कुठे, वाचायचा कसा

मुंबईत पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट हवा असेल तर आधी एक ठरवा: कुठल्या पाण्याचा? भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी पांजरापूर आणि भांडुपला शुद्ध होतं, तिथून सेवा जलाशयांत (शहरातल्या मोठ्या साठवण टाक्यांत) जातं, मग रस्त्याखालच्या मेनमधून सोसायटीच्या मीटरवर येतं. इथपर्यंत महापालिका. पुढची जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी आणि इमारतीचे पाइप सोसायटीचे. महापालिकेचा रिपोर्ट बहुतेक वेळा मीटरच्या अलीकडचा असतो आणि तक्रार असते चौथ्या मजल्यावरच्या नळाची. अर्धी भांडणं इथूनच सुरू होतात.

घरबसल्या मिळणारी माहिती म्हणजे महापालिकेचा वार्षिक ‘पर्यावरण स्थिती अहवाल’. तो संकेतस्थळावर असतो आणि त्यात वॉर्डनिहाय अयोग्य नमुन्यांची टक्केवारी मिळते. पण ती अख्ख्या वॉर्डाची, अख्ख्या वर्षाची सरासरी. एखाद्या गल्लीत पावसाळाभर गटाराचं पाणी मिसळत असेल, तरी वॉर्डाचा आकडा एखाद्या टक्क्यावर राहू शकतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या तपासणीत मुंबईचे नळाचे दहाच्या दहा नमुने पास झाले होते, तो दाखलाही अजून दिला जातो. दहा नमुन्यांवरून तुमच्या गल्लीचं काही कळत नाही.

गल्लीचं कळायला माहितीचा अधिकार. वॉर्ड ऑफिसच्या जलकामे विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे ‘जोडपत्र अ’ या ठरलेल्या फॉर्ममध्ये अर्ज करायचा, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘पाणी दूषित का येतं?’ असं विचारलं की ‘कारणमीमांसा माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर ठरलेलं. कागद मागा: ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक रस्त्यावर घेतलेल्या पिण्याच्या पाण्याच्या नमुन्यांची यादी, प्रत्येकाची तारीख, वेळ, नेमकं ठिकाण, उर्वरित क्लोरीन, कोलिफॉर्म व ई. कोलायचा निष्कर्ष, अयोग्य नमुन्यांवर केलेल्या कार्यवाहीच्या व फेरतपासणीच्या नोंदी.’ उर्वरित क्लोरीन म्हणजे जंतू मारून पाण्यात शिल्लक राहिलेलं क्लोरीन. कोलिफॉर्म हे पाणी दूषित झाल्याची खूण देणारे जिवाणू, त्यातला ई. कोलाय विष्ठेतून येतो.

अर्जातली ‘वेळ’ गाळू नका. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक तासच येतं. उरलेल्या वेळात पाइप रिकामा, दाब नाही. गळक्या जोडातून आजूबाजूचं सांडपाणी आत ओढलं जातं आणि पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत तेच बाहेर येतं. थेट लाइनवर पंप लावणारे असतील तर आणखी ओढ. नमुना तासाभराने घेतला असेल तर रिपोर्ट स्वच्छ येणारच, आणि त्यात कोणी खोटं बोललेलंही नसतं.

उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या खात्याकडे गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे, तुम्हाला ‘तिकडे जा’ सांगणं नव्हे. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. अपिलात ढकलाढकली होणार असं दिसलं तर मी सरळ अभिलेख पाहणीचा, म्हणजे ऑफिसात जाऊन मूळ नोंदी स्वतः बघण्याचा, अर्ज करायला सांगेन. नोंदवही समोर उघडली की कार्यवाहीचा कोणता रकाना कोरा आहे ते लगेच दिसतं.

आज पाणी काळपट, वासाचं येत असेल तर अर्जाचा उपयोग नाही. १९१६ वर किंवा वॉर्डाच्या जलकामे विभागात तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या आणि नमुना पाणी सुटण्याच्या वेळी, मीटरजवळून घ्यायला सांगा. नमुना क्रमांक लिहून ठेवा. त्याशिवाय नंतर रिपोर्ट मागता येतो, मिळत नाही.

स्वतः तपासून घ्यायचं असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची प्रयोगशाळा शोधा, पण नुसता शिक्का पाहून थांबू नका. मान्यता एकेका चाचणीला असते. एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेचा ‘स्कोप’ उघडून त्यात पिण्याच्या पाण्यासाठी ई. कोलाय आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी रसायनं असतात, जिवाणू नसतात. मुंबईबाहेर जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळाही पाणी तपासतात. दर आणि नमुना घेण्याचे वार आधी विचारून जा.

रिपोर्ट बिघडतो तो मुख्यतः बाटलीत. जिवाणूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली हवी. तिच्या तळाशी सोडियम थायोसल्फेट असतं, ते धुऊन टाकू नका. ते नसेल तर पाण्यातलं क्लोरीन वाटेत जंतू मारत राहतं आणि घाण पाणी पास होतं. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, धातूचा नळ असेल तर ज्योतीने तापवा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा आणि बाटली काठोकाठ न भरता वर थोडी जागा ठेवा. झाकणाच्या आत बोट लागलं तर ती बाटली बाद. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवा. पॅकबंद पाण्याची रिकामी बाटली रासायनिक तपासणीला एक वेळ चालेल, जिवाणूंना अजिबात नाही. उर्वरित क्लोरीन मात्र नळापाशीच मोजायचं, कारण प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ते उडून जातं. ओटी (ऑर्थोटोलिडीन) या क्लोरीन मोजायच्या द्रावणाने पाणी पिवळं होतं, तो रंग तक्त्याशी लगेच जुळवा. ते पाणी पिऊ नका.

रिपोर्ट आयएस १०५०० : २०१२ या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी ताडायचा. १०० मिलि पाण्यात ई. कोलाय आणि एकूण कोलिफॉर्म सापडताच कामा नये, इथे ‘थोडं चालतं’ नाही. एमपीएन (जिवाणूंची संभाव्य संख्या काढायच्या) पद्धतीत ‘१.८ पेक्षा कमी’ किंवा ‘२ पेक्षा कमी’ लिहिलेलं असेल तर तो न सापडल्याचाच निष्कर्ष. उर्वरित क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिग्रॅ, गढूळपणा १ एनटीयू (गढूळपणाचं एकक), पर्याय नसेल तर ५ पर्यंत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिग्रॅपर्यंत ठीक. मुंबईचं तलावांचं पाणी त्याच्या बरंच खाली असतं. म्हणून फिल्टरवाला टीडीएस मीटर बुडवून घाबरवायला लागला तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. त्या मीटरला जंतू कळत नाहीत. पाण्यात सळया घालून तपकिरी गाळ काढून दाखवतात तो गाळ तर त्यांच्याच लोखंडी सळईचा असतो.

पैसे एकदाच खर्च करायचे असतील तर एकाच दिवशी दोन नमुने द्या: एक मीटरजवळचा, एक स्वयंपाकघरातल्या नळाचा. मीटरवर क्लोरीन ०.५, नळाला शून्य आणि कोलिफॉर्म सापडले, तर आधी टाक्या उघडा: जमिनीखालच्या टाकीचं झाकण गटाराच्या पातळीला आहे का, भिंतीला तडा आहे का, वरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोला जाळी आहे का. मीटरवरच्याच नमुन्यात ई. कोलाय असेल तर टाकी धुवायचा खर्च वाया. तो रिपोर्ट नमुन्याच्या वेळेसकट जलकामे विभागाला लेखी द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. टाकी धुतली असेल तर फेरनमुना दुसऱ्याच दिवशी घेऊ नका. धुताना घातलेलं जादा क्लोरीन निघून जाऊन टाकी दोन-तीन वेळा भरून रिकामी झाल्यावरच घ्या.