केमोच्या आधीचे बारा दिवस

स्तनातली गाठ कॅन्सरची आणि हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारी, निघाली तेव्हा मी 31 वर्षांची होते. केमोची तारीख ठरत असताना मी विचारलं, "मला पुढे मूल होऊ शकेल ना?" डॉक्टर म्हणाले, "आधी तू बरी हो, बाकीचं नंतर बघू."

त्यांनी ते मायेनं म्हटलं, हे मला कळतं. पण नंतर बघण्यासारखं ते नव्हतंच. स्त्रीबीजांचा साठा आपण जन्मतःच घेऊन येतो. केमोतली सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधं तोच साठा खातात. जे करायचं ते पहिलं सलाइन लागायच्या आत. हे मला एका नर्सनं हळूच सांगितलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. माझ्या वयाच्या प्रत्येक बाईला हे न विचारता सांगायला हवं.

पाळीची वाट बघावी लागली नाही, दुसऱ्याच दिवशी बीजं पक्व करून काढण्यासाठीची इंजेक्शनं सुरू झाली. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर आणि वरून हार्मोनचीच इंजेक्शनं, या विचारानं पहिल्या रात्री डोळा लागला नाही. मग कळलं की सोबतची लेट्रोझोलची गोळी इस्ट्रोजेन हा हार्मोन खाली ठेवण्यासाठीच असते. इंजेक्शन नवरा द्यायचा. बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरायची, सुई घालायची, दहा आकडे मोजून काढायची. आठव्या दिवशी पोटावर टोचायला कोरी जागा उरली नव्हती.

आमचं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. बीजं गोठवायची की भ्रूण? तो भ्रूण धरून बसला होता. मी म्हटलं, बीजंच. भ्रूणावर दोघांचा हक्क असतो, आणि पाच वर्षांनी आपण कुठे असू हे मला त्या आठवड्यात सांगता येत नव्हतं. त्याला ते फार लागलं. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. तरी रात्री नऊला तो कापसाचा बोळा घेऊन समोर उभा राहायचा आणि दहा आकडे मोठ्यानं मोजायचा.

शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून घेतलं, कारण त्यानंतर साधारण 36 तासांनी बीजं काढतात. अकरा मिळाली, पक्व आठ. ती उणे 196 अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये आहेत. आठ बीजं म्हणजे एक मूल नक्की, असं नसतं. हेही तिथे स्पष्ट सांगितलं, ते बरं केलं.

चारच दिवसांनी केमो सुरू झाली. आता टॅमॉक्सिफेनला, म्हणजे कॅन्सरपर्यंत हार्मोन पोचू न देणाऱ्या गोळीला, वीस महिने झालेत. 2023 साली 'पॉझिटिव्ह' या अभ्यासाचे निष्कर्ष आले. 18 ते 30 महिने अशा गोळ्या घेऊन मूल होण्यासाठी त्या मध्येच थांबवलेल्या 516 बायकांमध्ये तीन वर्षांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण 8.9 टक्के होतं, गोळ्या न थांबवलेल्या तशाच बायकांमध्ये 9.2. माझ्या डॉक्टर मात्र बजावतात की हा कॅन्सर दहा वर्षांनीही उलटतो, तीन वर्षांवर विसंबू नकोस. गोळी थांबवली तरी ती अंगातून जायला तीन महिने द्यायचे.

मी अजून ठरवलेलं नाही. गेल्या आठवड्यात बीजं ठेवण्याची मुदत वाढवायचा फॉर्म आला. त्यावर सही माझी एकटीचीच लागते. मी करत होते तेव्हा नवरा शेजारी बसून मला आजची तारीख सांगत होता.