एका सुताच्या निपलने खाल्लेले 23 दिवस

नायट्रसची (इंजिनाची ताकद क्षणभर वाढवायला आत सोडायचा नायट्रस ऑक्साइड वायू) वेगळी पेट्रोल लाइन बसवायला किती दिवस लागले, असं कुणी विचारलं की मी 'महिना' सांगतो. टाकी, पंप, रेग्युलेटर, वायरिंग हे सगळं मिळून आठवडाभराचं काम. उरलेले 23 दिवस एका सुताच्या पितळी निपलने, म्हणजे लाइन जोडायच्या आटेवाल्या छोट्या तुकड्याने, खाल्ले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

गाडी जुनी होंडा सिटी, 1.5 व्हीटेक. रस्त्यावर आणत नाही, ट्रॉलीवरूनच जाते-येते. गाडीत असे बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, तेव्हा तुम्हीही आणू नका. आधी 50 एचपीचं वेट किट होतं, म्हणजे नायट्रससोबत जास्तीचं पेट्रोलही सोडणारं. त्याचं पेट्रोल गाडीच्याच रेलवरून (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) टी मारून घेतलेलं. वरच्या आरपीएमला नायट्रस सुटला की रेलचं प्रेशर बसायचं. एकदा प्लग काढले तर तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चंदेरी ठिपके. म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम उडायला लागलेलं. नायट्रस 300 अंशांच्या आसपास फुटतो, म्हणजे त्यातला ऑक्सिजन सुटा होतो. त्याच्या वजनात 36 टक्के ऑक्सिजन, हवेत 23. एवढा ऑक्सिजन आत गेला आणि पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

म्हणून नायट्रसला स्वतःची टाकी. उद्यमनगरात ॲल्युमिनियमची चार लिटरची टिगवर वेल्ड करून घेतली, आत फोम भरला, बॅटरी डिकीत हलवून तिच्या जागी टाकी बसवली. पंप कार्ब्युरेटरवाला, कमी प्रेशरचा, टाकीच्या तळापेक्षा खाली. तो ढकलतो चांगला, ओढत नाही. वायरिंग एका दुपारी झालं.

मग आलं सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह. बाहेरून मागवलेलं, आत जायचं तोंड एक सुताचं, म्हणजे 1/8 इंची. हायड्रॉलिक होज विकणाऱ्या एका दुकानात गेलो, सोलेनॉइड काउंटरवर ठेवलं. मालकाने बघितलंही नाही, बरणीतून निपल काढून दिलं. मी विचारलं, "आटे तेच आहेत ना?" "एक सूत म्हंजे एक सूत. चालतंय की, टेफ्लॉन गुंडाळा!"

निपल तीन-चार आटे गेलं आणि जाम झालं. टेफ्लॉन गुंडाळलं. पंप चालू केला, दहा मिनिटांत बॉडीखाली थेंब. अजून गुंडाळलं, अजून आवळलं. गळायचं थांबलं, मी खूश. सकाळी गॅरेज उघडलं तर पेट्रोलचा वास नाकात बसला. पान्ह्याला नळी घालून शेवटचा एक झटका दिला आणि सोलेनॉइडच्या तोंडाला केसाएवढी चीर गेली. दोष माझाच, पण मनातल्या मनात शिव्या दुकानदाराला घातल्या. दुसरं सोलेनॉइड यायला 15 दिवस. त्यातले निम्मे दिवस पार्सल कस्टममध्ये पडून. रोज ट्रॅकिंग उघडायचं, रोज तेच वाक्य.

नवीन आलं तेव्हा मात्र दुकानात गेलो नाही. उद्यमनगरात एक म्हातारे टर्नर आहेत, सगळे मामा म्हणतात. त्यांनी जुनं निपल हातात घेतलं, आटे मोजायच्या गेजची पात त्यावर धरली आणि ट्यूबलाइटकडे केली.

"बघा पाव्हणं, उजेड दिसतोय का?"

एका टोकाला पात चपखल बसलेली, दुसऱ्या टोकाला फट. मामांनी पात बदलली. आता कुठेच उजेड नाही. "ह्ये 28 आट्याचं, बीएसपी, ब्रिटिश. तुमचं तोंड 27 चं, अमेरिकन. कोन पण येगळा, हिचा 55, तिचा 60. टेफ्लॉनचं बंडल संपिवलं तरी गळणारच."

इंचात एका आट्याचा फरक. मामांनी सहाकोनी पितळी सळईतून एका बाजूला एनपीटी (तेच अमेरिकन आटे) आणि दुसऱ्या बाजूला 37 अंशांची जेआयसी फ्लेअर (शंकूसारखं तोंड) असं निपल काढून दिलं. चहा माझ्याकडून, मजुरी किरकोळ. जेआयसीच्या बाजूला काहीही लावायचं नसतं, धातूला धातू भिडतो. एनपीटीला पेस्ट लावायची, तीही पहिले दोन आटे सोडून.

इथंच संपलं असतं, पण टेफ्लॉनने जाता जाता चावा घेतलाच. गेजवर 6 पीएसआय, अगदी ठाम, म्हणून मी निर्धास्त. तरी नोझल काढून मापाच्या भांड्यात 30 सेकंद पेट्रोल सोडून बघितलं. 50 एचपीला मिनिटाला साधारण 280 मिली लागतं, म्हणजे इथे 140 यायला हवं. आलं 90. जेट (किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा बारीक भोकाचा तुकडा) काढून उजेडात धरला तर भोकात पांढरा धागा. जुन्या सोलेनॉइडच्या वेळची टेफ्लॉनची चिंधी लाइनमधून सरकत तिथे येऊन अडकलेली. गेज रेग्युलेटरवर, धागा त्याच्या पुढे. गेजला काय कळणार! तेवढ्यावर भरवसा ठेवून पळवली असती तर इंजिन गेलं असतं. धागा काढला, 140 आलं. त्या रात्री झोप लागली.

तुम्ही मापाल तेव्हा प्रेशरही पेट्रोल वाहत असताना लावा. बंद लाइनवर 6 लावलं तर वाहायला लागल्यावर खाली येतं. माझं बंद असताना 7 च्या वर दिसतं.

जेटचं सांगायचं राहिलं. रेलवर 43 पीएसआय होतं, आता 6. जुना फ्यूल जेट तसाच ठेवलात तर पेट्रोल निम्म्याहूनही कमी जाईल. प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळात बदलतो, म्हणून भोकाचा व्यास साधारण 1.6 पट लागतो. किटच्या तक्त्यात कमी प्रेशरचा रकाना वेगळा असतो, तो बघा. फ्यूल प्रेशरचा सेफ्टी स्विचही टाका, प्रेशर पडलं की नायट्रस आपोआप तुटतो. मी प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घेतलेत, ठिणगीचं टायमिंग दोन डिग्री मागे.

आणि शर्यत नसेल तेव्हा छोटी टाकी रिकामी करा. मी त्यात 100 ऑक्टेन भरतो, महागाचं आहे म्हणून पहिल्यांदा तसंच ठेवलं होतं, दोन महिन्यांनी झाकण उघडलं तर वासच बदललेला. ते गाडीच्या मोठ्या टाकीतही ओतायचं धाडस झालं नाही.